कासाराची गादी

कुंभारगी, जि. सांगली
मंगळवार, ५ मार्च १९९६

कृष्णात,

तू बोलत नाहीस, पण टपाल तर घेत असशील. भाऊसोच्या साताऱ्याच्या खोलीचा पत्ता हॉटेलवाल्या कोंडीबाकडून घेतला. तुझ्या मुलाचा पत्ता मला कोंडीबाकडे मागावा लागला, हे त्यालाही खटकलं. पण त्याने सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिला. हे पत्र फाडायचं असेल तर निदान अर्धं वाचून फाड.

पेठेचं काम सुरू झालं. एस.टी. स्टँड जत रस्त्याला गेलं, त्याच्या मागोमाग सोमवारचा बाजारही तिकडच्या माळावर गेला, तेव्हापासून आपल्या पेठेत कुत्री निवांत झोपत होती. ती आता उठून बसली आहेत. सरकारची लहान गावांसाठीची योजना आहे. थोडे पैसे दिल्लीचे, थोडे मुंबईचे, बाकी पालिकेने कर्ज काढायचं. गटारं बंद होणार, रस्ता काँक्रीटचा होणार, मधल्या चौकात माळवं, भाजीपाला विकणाऱ्या बायकांना बसायला कट्टे होणार. मग बाजार परत पेठेत भरवायचा, असा ठराव आहे.

आपला ओटा काल गेला.

तुझ्या काकणांच्या आणि माझ्या किराणाच्या दुकानापुढे मिळून तुझ्या वडिलांनी बांधलेला तो एकच सलग ओटा. व्यापाऱ्यांच्या बैठकीत ओटे मागे घ्यायला माझा हात पहिला वर गेला, म्हणून तू दुसऱ्या दिवशी फळ्या लावल्यास आणि साताऱ्याची गाडी धरलीस. गावाला मात्र नातवाचं निमित्त सांगितलंस. हात वर केला तो केला. आजही करीन. ओट्याखालचं गटार आपल्या जन्मात कुणी साफ केलेलं नाही, आणि पावसाळ्यात तुझ्या गिऱ्हाइकांना पाण्यातून उड्या मारत यावं लागायचं, हे तुलाही ठाऊक आहे.

पण ओटा फोडायला माणसं आली तेव्हा मी दुकानात थांबलो नाही. बस्तीत भगवंतापुढे जाऊन बसलो. नवरा देवळात पळाला म्हटल्यावर आमच्या आक्काताईच बाहेर आल्या. आपण नवकांकरी खेळायचो तो दगड, ज्यावर तुझ्या वडिलांनी छिन्नीने पट कोरला होता, त्यावर घण पडणार तेवढ्यात ही ओरडली, "आरं, त्यो दगड न्हवं, तेंचा दोघांचा डाव हाय त्यो!" घणवाल्याला काही कळलं नाही, पण तो थांबला. एक कोपरा उडाला. बाकीचा दगड मी आणून माझ्या दुकानात, तराजूच्या शेजारी ठेवला आहे. बैठकीच्या दिवशी डाव अर्धा राहिला होता. आठवून तसाच मांडला. माझे चिंचोके, तुझे काकणांच्या काचेचे तुकडे. चाल तुझी आहे.

आता एक कामाची गोष्ट. पालिकेचा ओव्हरसीयर सांगत होता, पेठेतली दुकानं पालिकेची, आपण सगळे भाडेकरू. काम पुरं झाल्यावर पाहणी होईल. जी दुकानं चालू असतील ती आहे त्या माणसाकडे राहतील. बंद असतील त्यांचा लिलाव होईल. मी फक्त कानावर घालतो. तू काय करावंस हे मी सांगणार नाही.

तुझ्या दुकानाची काळजी करू नकोस. फळ्या, अडसर, कुलूप सगळं जागेवर आहे. दुसरी किल्ली माझ्याकडे कॅलेंडरच्या मागच्या खिळ्याला असते तशीच आहे.

वहिनींना नमस्कार. नातवाला माझ्याकडून एक पापा.

तुझा
जिनाप्पा


कुंभारगी
३ एप्रिल १९९६

कृष्णात,

उत्तर नाही. हरकत नाही. शाळेत असताना तू माझ्याशी एक सबंध पावसाळा बोलला नव्हतास, गोट्यांवरून. तेव्हा तर आपण एकाच बाकावर बसत होतो.

परवा महावीर जयंती झाली. पालखी पेठेतून नेली. रस्ता अर्धा उखडलेला, म्हणून काही जण म्हणत होते की या वर्षी मागच्या बोळातून न्यावी. मी म्हटलं, देवाला खड्डे नवे नाहीत. तुझ्या दुकानासमोर पालखी नेहमीसारखी थांबवली. तू दरवर्षी नारळ द्यायचास, या वर्षी तुझ्या नावाने दिला.

गटाराचं काम तुझ्या दारापर्यंत आलं आहे. वर फरशा बसल्या की बायकांना थेट तुझ्या उंबऱ्यापर्यंत चालत येता येईल. ओटा नाही, तर दुकान एकदम उघडं-बोडकं दिसतं. दाढी काढलेल्या माणसासारखं. सवय होईल.

कोंडीबा अजून सकाळी चहाचे दोन कप घेऊन येतो. परवा म्हटलं, "आरं, एकच आणत जा."

तर म्हणतो, "आण्णा, हात ऐकत न्हाई. इतकी वरसं दोन भरल्यात. आन् येक कप आणला तर ट्रे वाकडा हुतोय."

दुसरा कप मी रस्त्याच्या मजुरांपैकी कुणालातरी देतो. रोज वेगळा माणूस पितो. बरं वाटतं.

एक विचारायचं होतं. सव्वादोनच्या मापाच्या हिरव्या काकणांचा माल तू मिरजेहून आणायचास की कोल्हापूरहून? आणि अडीचमध्ये ती बारीक सोनेरी रेघेची असतात, त्यांना काय म्हणतात? असंच विचारतो. शेजारी दुकान असलं की बायकांचं बोलणं कानावर येतं.

वहिनींची गुडघेदुखी कशी आहे? साताऱ्याची हवा चांगली म्हणतात. किल्ल्याकडे फिरायला जात असशील. तुझ्या वयाचे पेन्शनीतले फौजी असतील तिथे, गप्पा होत असतील. पण नवकांकरी कुणाला येत नसणार.

जिनाप्पा


कुंभारगी
१४ मे १९९६

कृष्णात,

आता सांगूनच टाकतो. माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुझं दुकान मी उघडतो.

ओटा फोडला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. बस्तीतून दर्शन घेऊन आलो की आधी तुझ्या फळ्या काढतो, झाडून घेतो, तुझ्या वडिलांच्या फोटोला उदबत्ती लावतो, मग माझं दुकान उघडतो. पहिल्यांदा वाटलं होतं, नुसतं उघडं ठेवावं. चालू दिसलं म्हणजे झालं. पण उघड्या दुकानात गिऱ्हाईक येतं, ही गोष्ट मी इतकी वर्षं दुकानात बसून विसरलो होतो.

पहिली आली ती चंद्राबाई. मेंढरांवाल्या धनगरवाड्यातली, तुझी जुनी गिऱ्हाईक. पुतणीच्या लग्नाला जायचं होतं. मी म्हटलं, कासार साताऱ्याला आहे. तर म्हातारी दारातच बसली.

"मग दुकान कशाला उगाडलंय? शिनिमा दावाय?"

मी म्हटलं, "मला काकणं भरता येत नाहीत, बाई."

"आवं आण्णा, तुमी किराणा दुकानदार. गूळ फोडताय, सुपारी कातरताय. काकणाला काय हुतंय? हात तर माझा हाय!"

तुझ्या त्या हिरव्यातली काढली. तू बायकांच्या हाताची बोटं कशी एकत्र दाबतोस, अंगठ्याची गाठ कशी चुकवतोस, हे मी शेजारून आयुष्यभर पाहिलंय. पाहणं वेगळं आणि करणं वेगळं. एक काकण वाढवलं. दुसरं वाढवलं. तिसऱ्याला तिच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला. मी मुंगी चुकवून चालणारा माणूस, आणि माझ्या हातून बाईमाणसाचं रक्त. चंद्राबाई मात्र हसत होती. "कासारानं यवढी वरसं भरलं, कवा टिपूस न्हाई. तुमी येका दिसात भरपाई केली बगा!"

आक्काताई तिचा आवाज ऐकून आली, मला बाजूला सारलं आणि पाच मिनिटांत दोन्ही हात भरून दिले. तेव्हापासून काकणं ती भरते, मी माल काढून देतो. किराणाचं गिऱ्हाईक आलं की उडी मारून इकडे येतो. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. हिने ताट झाकून ठेवलं.

पण खरी पंचाईत त्यानंतर झाली. काकणं भरून झाल्यावर चंद्राबाई पदर सावरून रिवाजाप्रमाणे पाया पडायला वाकली. आणि समोर मी! मी मागे सरकलो तो तुझ्या डब्यांवर आदळलो. म्हटलं, "माझ्या नको, बाई. मी कासार नाही. तिकडे." आणि तुझ्या गादीकडे हात केला. ती जरा थांबली. मग गादीकडे वळली, हात जोडले, वाकली. तेव्हापासून जी येईल तिला मी तेच सांगतो. आता सांगावं लागत नाही.

गादीवर मी बसत नाही. माझ्या दुकानातलं एक रिकामं पोतं आणून खाली अंथरलंय. गादीच्या उजव्या बाजूला तू बसून बसून पडलेला खळगा आहे ना, तो तसाच आहे. खोळ काढून धुतली, उन्हात वाळवली, पुन्हा घातली. कापूस मात्र झटकला नाही.

विक्रीचा गल्ला वेगळ्या डब्यात आहे. त्याविषयी काही लिहीत नाही. येशील तेव्हा डबा तुझा.

काँक्रीट तुझ्या दारापुढून पुढे गेलं. ओलं असताना कोंडीबाचा बोकड त्यावरून गेला. खुरांचे ठसे कायमचे राहिले आहेत. ओव्हरसीयर चिडला. मला आवडले.

रागावू नकोस, गड्या.

जिनाप्पा


कुंभारगी
११ जून १९९६

कृष्णात,

भाऊसोचं कार्ड मिळालं. तीनच ओळी. "बाबांच्या कानावर सगळं आलं आहे. दुकान तुम्हीच घेतलंत तर तुम्हालाच लखलाभ, असं बाबा म्हणतात. आईचा नमस्कार." कार्ड वाचून मी दुकानाच्या पायरीवर बसलो. पायरी नवी आहे, अरुंद आहे, नीट बसता येत नाही.

तुला कुणी काय कळवलं मला माहीत नाही. पण जे कळवलं ते अर्धं खरं आहे, म्हणून खोटं म्हणता येत नाही. काय झालं ते सांगतो.

गेल्या आठवड्यात ओव्हरसीयर दुकानं मोजत आला. मी तुझ्या दुकानात पोत्यावर बसून फुटलेल्या काकणांची काच निवडत होतो. आक्काताई एका सासुरवाशिणीला काकणं भरत होती. त्याने मान आत घातली, पाहिलं, लिहिलं, गेला. दुसऱ्या दिवशी कोंडीबा धावत आला. "आण्णा, पेढं काढा! किराणाबी तुमच्या नावावर, काकणबी तुमच्या नावावर! पालिकेच्या भिताडाव लावलंय!"

मी तसाच उठून गेलो. ओव्हरसीयरला म्हटलं, "साहेब, ते दुकान कृष्णात कासाराचं. माझं नाव काढा."

तो म्हणाला, "काका, मी नोकरीत आल्यापासून लोक नाव घालून घ्यायला येतात. नाव काढायला आलेले तुम्ही पहिलेच." हसला, पण काढलं नाही. "तुम्ही उघडता, तुम्ही विकता, तुमची बायको भरते. मग मी कुणाचं लिहू?"

"कृष्णातचं."

"तो कुठाय?"

"साताऱ्याला."

"मग बंद लिहू का?"

आता बघ, कृष्णात. दुकान उघडं ठेवलं तर ते माझं होतं. बंद ठेवलं तर लिलावाचं होतं. तुझं राहायला एकच मार्ग उरतो, आणि तो तू आहेस. दुकान राखायचं म्हणून मी हे केलं आणि राखता राखता तुझ्या हातातून काढून घेतलं. इतकी वर्षं रोज अपरिग्रहाचे धडे वाचतो, आणि आता माझ्याच माथी दुसऱ्याचं दुकान आलं.

आक्काताईला म्हटलं, "काय करावं?" ती म्हणाली, "काय न्हाई. तुमी पत्र लिवा. तेनी येतील. येणार न्हाईत, पर येतील." बायकांच्या बोलण्याचा अर्थ लावायला मी बसत नाही, पण मला धीर आला.

सोमवार, २२ जुलैला मुख्याधिकारी साहेब स्वतः पाहणीला येणार. तोच दिवस बाजार परत पेठेत भरवायचा ठरला आहे. तू ये. माझ्याशी बोलू नकोस, हरकत नाही. सकाळच्या गाडीने ये, गादीवर बस, साहेबांना तोंड दाखव, संध्याकाळच्या गाडीने परत जा. मी त्या दिवशी तुझ्या दारासमोरून जाणारसुद्धा नाही.

तू माझा हात वर गेलेला पाहिलास. आता दोन्ही हात जोडलेले समज.

जिनाप्पा


कुंभारगी
सोमवार, २२ जुलै १९९६, दिवे लागल्यावर

कृष्णात,

तू आला नाहीस.

सकाळपासून मिरजेकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या वेळी मी कोंडीबाला स्टँडवर पाठवत होतो. दुपारी तर त्याने माझ्याकडे बघायचंच टाळलं. म्हटलं, हा कंटाळला.

पण तू नव्हतास तरी जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही.

बाजार आला, कृष्णात. पेठेत आला. पहाटेपासून बैलगाड्या, टेम्पो, डोक्यावर पाट्या. कट्ट्यांवर माळवं, गटाराच्या नव्या फरशांवर मडकी, बस्तीच्या कोपऱ्याला घोंगडी. आपण लहान असताना जसा आवाज यायचा तसा आवाज. मी तो आवाज विसरलो नव्हतो, पण पुन्हा ऐकेन असं वाटलं नव्हतं. नागपंचमी महिन्यावर आली, म्हणून बायकांची सगळ्यात मोठी गर्दी तुझ्या दारात. आक्काताईचे हात दुखायला लागले.

साहेब दुपारी आले. बरोबर ओव्हरसीयर. साहेब तरुण आहेत, विदर्भाकडचे, बोलायला नीट.

"हे दुकान तुमचं?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, साहेब. कृष्णात कासाराचं."

ओव्हरसीयर म्हणाला, "सर, हे सुरुवातीपासून असंच म्हणतात. पण धंदा यांचाच आहे."

"कृष्णात कुठे आहेत?"

खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं बोललं तर दुकान जात होतं. तेवढ्यात मागून चंद्राबाईचा आवाज आला. पंचमीची काकणं भरून घ्यायला रांगेत बसली होती.

"सायेब, मी सांगते. ह्यो मानूस कासार न्हाई." आणि तिने मनगट पुढे केलं. "ह्यो बगा वण. कासारानं भरलं आसतं तर ह्यो झाला आसता व्हय?"

बायका हसल्या. साहेबही हसले. मी जमिनीकडे बघत होतो.

"आजी, पण दुकान तर हेच चालवतात."

"चालवतोय की. न्हाई म्हनतंय कोन? पर आयका. काकणं भरली की आमी बाया कासाराच्या पाया पडतो. आमच्या आज्यापास्नं. ह्यो मानूस पडू दीत न्हाई. तिकडं वाका म्हनतो, त्या गादीकडं. उनाळाभर आमी रिकाम्या गादीला वाकतोय, सायेब! देव नसल्याल्या देवळात गेल्यागत. आन् ह्यो बगा कुटं बसलाय. पोत्यावर. दुकान ह्याचं आसतं, तर ह्याचं बूड पोत्यावर कशाला आसतं?"

सगळी पेठ हसली. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

साहेब हसले नाहीत. बूट काढून आत आले. गादीजवळ वाकून तो खळगा पाहिला. मला म्हणाले, "तुम्ही एकदाही बसला नाहीत?"

"ती माझी जागा नाही, साहेब."

मग त्यांच्यासमोरच एका पोरसवदा सुनेची काकणं भरून झाली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती उठली, आक्काताईला नाही, मला नाही, साहेबांनाही नाही, सरळ गादीकडे वळली आणि वाकली. साहेबांना पाय बाजूला घ्यावे लागले.

ते ओव्हरसीयरला म्हणाले, "नाव कृष्णात कासारांचंच लावा." मग माझ्याकडे वळले. "पण काका, मला माणूस पाहिजे. पंचमीपर्यंत कासार या गादीवर बसलेले दिसले पाहिजेत. मी स्वतः येऊन बघेन. नाही दिसले, तर मी काही करू शकणार नाही."

मला जबाब द्यायला पालिकेत नेलं. तिथे बराच वेळ गेला. परत आलो तोवर बाजार उठत आला होता. आक्काताई माझ्या दुकानात बसून गालातल्या गालात हसत होती. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाली, "काय न्हाई. बाजार चांगला झाला." तुझ्या फळ्या लावल्या, खटक्याचं कुलूप दाबलं, सूर्य मावळायच्या आत दोन घास खाल्ले आणि हे लिहायला बसलो.

तुझं नाव राहिलं, कृष्णात. तुझा माणूस राहिला पाहिजे. पंचमीपर्यंत रोज सकाळी मी तुझ्या फळ्या काढीन. त्याच्या पुढचं माझ्या हातात नाही.

जिनाप्पा


कुंभारगी
मंगळवार, २३ जुलै १९९६, सकाळी

लबाडा,

कालचं पत्र अजून पेटीत टाकलं नव्हतं, त्यालाच हे जोडतो.

आज बस्तीतून आलो. नेहमीप्रमाणे कॅलेंडरच्या मागे हात घातला. खिळा रिकामा. दुकान पालथं घातलं. पोती हलवली, गुळाच्या ढेपा सरकवल्या, तराजूखाली पाहिलं. आणि तराजूखाली पाहताना नवकांकरीच्या दगडाकडे लक्ष गेलं.

माझा एक चिंचोका पटावर नव्हता. बाजूला काढून ठेवला होता. आणि तुझ्या तीन काचा एका ओळीत.

मी तसाच खाली बसलो. आक्काताई दारात उभी. पदर तोंडाला लावून हसत होती, पण डोळ्यांत पाणी होतं.

"तेनीच सांगितलं हुतं, बोलू नगंस म्हनून," ती म्हणाली. "दुपारच्या गाडीनं आलं हुतं. कोंडीबाच्या हाटेलात पडद्याआड बसून समदं बगितलं. चंद्राबाईचं बोलनं आयकून रडलं, असं कोंडीबा सांगत हुता. तुमी पालिकेत गेला तवा हितं आलं. मी चा दिला. डावाकडं बगत बसलं. मग म्हनलं, वहिनी, ह्याला कळू दे की माझी चाल झाली. किल्ली उचलली आन् चार वाजताच्या गाडीनं गेलं."

"काही बोलला नाही?"

"म्हनलं, जिनाप्पाला सांगा, पोत्यावर बसून पाठ धरंल."

म्हणजे कोंडीबाने दुपारभर माझी नजर का टाळली ते आता कळलं. त्याला आज कपाचे पैसे दुप्पट देणार आहे, आणि शिवी फुकट.

आता ऐक. डाव मी विसरलेलो नाही. बैठकीच्या दिवशी तुझी कोपऱ्यातली काच कुठे होती हे मला झोपेतही सांगता येईल. तिला ओळीत आणायला एक चाल पुरत नाही. तू दोन चाली केल्यास. मी नाही असं पाहून, एका खेपेत दोन चाली, आणि वर माझा चिंचोका खाल्लास. शाळेतही तू हेच करायचास आणि वर न बोलता बसायचास. याचा निकाल पत्राने लागणार नाही.

तुझं दुकान आज बंद आहे. मला उघडता येत नाही. किल्ली तुझ्याकडे आहे, आणि तूच ती नेलीस. सकाळपासून बायका येऊन बंद फळ्या बघून परत जात आहेत. त्यांना मी सांगतोय, कासार आला की उघडेल. कधी येणार विचारतात. पंचमीच्या आत, असं सांगतो. मला खोटं पाडू नकोस.

ओटा नाही. नवी पायरी अरुंद आहे. पण मी काल मोजून पाहिलं, पाय दुमडून घेतले तर दोघं जण बसू शकतात. मध्ये दगड ठेवला तरी.

कोंडीबा आत्ताच दोन कप घेऊन आला. दुसरा कप मी आज कुणाला दिला नाही. झाकून ठेवलाय.

जिनाप्पा